लाटांचा भोंगा

भादवा उतरला की आमच्या घरातल्या सगळ्या गोधड्या बाहेर येतात. घट बसायच्या आधी घरातलं एकूण एक अंथरूण-पांघरूण धुवून निघालंच पाहिजे, त्यात सूट नाही. काल दुपारी मी आणि सुनेनं, मनीषानं, त्या ओट्यावर रचल्या. अकरा भरल्या. त्या ढिगावर माझी दोन्ही नातवंडं चढून बसली. ओम नऊ वर्षांचा आहे, तनू सहाची. ओम म्हणाला, "आजी, मागच्या वर्षी पण आपण गोधड्या काढल्या आणि मग पार्कला गेलो." तनू लगेच म्हणाली, "मग आता कधी जायचं?" गोधड्या काढणं हे जसं काही पार्कला जायच्या तयारीतलंच एक काम.

मी दोघांना खाली हुसकलं. पण खरं सांगायचं तर मीही मनातल्या मनात दिवस मोजले. लहानपणी जत्रेच्या आधी मोजायचे तसे. माझी सत्तरी उलटली आहे, दोन्ही गुडघे कामातून गेलेत, जिना चढायचा म्हटलं तर मी आधी जिन्याला शिव्या घालते. आणि तरी मला तिथं पुन्हा जायचं आहे. कुणी विचारलं तर पोरांसाठी चालले म्हणून सांगीन. लिहिताना मात्र खोटं कशाला लिहू?

हे दिवसच असे असतात. पाऊस गेलाय असं वाटतं, म्हणून आपण वाळवण टाकतो, आणि दुपारी एक सर येऊन सगळं भिजवून निघून जाते. पुन्हा ऊन. ऊन तर असं चावतं की पाठीला मिरची लावल्यासारखं होतं. इंद्रायणी भात पोटरीला आलेला असतो आणि बांधावरून चाललं की नुसत्या वासानं भूक लागते. डोंगराच्या उतारावर सोनकी फुललेली असते, कुणी हळद सांडून पुसायची विसरल्यासारखी. धरण काठोकाठ. नदी हिरवीगार, जाड, आवाज न करता चाललेली. जमिनीला घाम येतो तसा वास असतो सगळीकडं.

आमच्या तरुणपणी ह्या दिवसांत आम्ही बायका नदीवर जायचो. सहल म्हणा, जत्रा म्हणा, आमचं जे काय होतं ते हेच. आदल्या दिवशी गोधड्या सोड्यात भिजवायच्या, सकाळी डोक्यावर घ्यायच्या. ओली गोधडी मेलेल्या म्हशीएवढी जड असते. एका टोकाला दोघी, दुसऱ्या टोकाला दोघी, आणि मधे पीळ घालायचा. जिचा हात आधी सुटेल तिला दिवसभर चिडवायचं. पोरं उघडीनागडी पाण्यात. दुपारी धोंड्यावर बसून भाकरी, ठेचा, कच्चा कांदा. घरात सासूसमोर तोंड न उघडणाऱ्या बाया तिथं असल्या काही गोष्टी सांगायच्या की हसून हसून पोटात दुखायचं. त्या गोष्टी मी इथं लिहीत नाही, माझी नातवंडं आता वाचायला शिकली आहेत.

फक्त एका गोष्टीकडं कान ठेवावा लागायचा. नदीच्या वरच्या अंगाला धरण आहे. पाणी सोडायचं झालं की आधी भिंतीवरचा भोंगा वाजतो. लांब, एका सुरात, थोडा रडका. तो वाजला की हातातलं टाकायचं, पोर धरायचं, जनावर सोडायचं आणि वर यायचं. विचार करायचा नाही. विचार करत बसलं की पाणी गाठतं. लग्न होऊन मी ह्या घरात आले तेव्हा सासूनं मला चूल दाखवायच्या आधी हे सांगितलं. "भोंगा वाजला की नवऱ्याची बी वाट बगायची न्हाई," असं म्हणाली होती. तिचा एवढाच सल्ला मी जन्मभर पाळला.

माझा मुलगा दत्ता चार वर्षांचा असताना भोंगा वाजला. भादवाच होता, गोधड्याच होत्या. माझ्या हातात एका गोधडीचं टोक होतं. ते सोडलं आणि दत्ताचा हात धरून ओढला. तो कमरेएवढ्या पाण्यात बसला होता, यायला तयार नव्हता, मी जोर लावला. खांदा निखळला. मला त्याचा आवाज आला, पण थांबले नाही, तसाच फरपटत वर आणला. मग खाली बघितलं. पाणी आलं ते वीतभर चढलं आणि तिथंच राहिलं. त्या दिवशी थोडंच सोडलं होतं. पण ते आधी कुणाला कळतं?

हाडं बसवणाऱ्या म्हाताऱ्यानं खांदा जागेवर बसवला. हात बरा झाला. दत्ता मात्र त्यानंतर पाण्यात उतरला नाही. नदीत नाही, विहिरीत नाही, ओढ्यातसुद्धा नाही. त्याच्या बरोबरीची पोरं पुलावरून उड्या मारायची आणि हा त्यांचे कपडे सांभाळत बसायचा. लोक म्हणायचे, पाण्याला घाबरतो. मला तसं वाटत नाही. पाण्यात बसलं की मागून आई येते आणि हात उपटते, हे त्याच्या डोक्यात बसलं. त्याचे वडील गेले तेव्हा तिसऱ्या दिवशी रक्षा सोडायला त्याचा चुलतभाऊ पाण्यात उतरला. दत्ता पायरीवर उभा. सगळ्यांनी पाहिलं. मी पण.

तर मागच्या वर्षी. तनू पाच वर्षांची होती आणि तिच्या वर्गातली कुणी मुलगी धरणाकाठच्या वॉटर पार्कला जाऊन आली होती. झालं. बाजारातून एक रबरी रिंग आणली, हिरवी, तोंडाकडं बदक असलेली. आठ दिवस तनू ती रिंग कमरेला घालून घरात फिरत होती. जेवायला तशीच, शाळेला निघताना तशीच, ती काढायला लावली की रडारड. गोठ्यात गेली तर म्हशीनं तिच्याकडं बघून दावं ताणलं. झोपतानाही रिंग उशाला. मी तिला विचारलं, "पाण्यात जाऊन काय करणार गं?" तर म्हणाली, "जाणार." तिला त्याच्यापुढचं काही ठाऊक नव्हतं. ठाऊक असायची गरजही नव्हती.

रविवार आला तो पितरांच्या पंधरवड्यातला. मी म्हणाले, रविवारी गोधड्या. मनीषा मुठा खोऱ्यातली आहे, तोंडानं फटकळ. ती म्हणाली, "गोधड्या काय पळून चालल्यात व्हय, आई? पोरं पळतील मोठी हून. मग आपुन दोघी बसू गोधड्यांवर."

"पितरं चालू हायेत," मी म्हणाले.

"म्हनूनच गर्दी नसंल," ती म्हणाली.

दत्ता घोटावड्याच्या बाजूला कारखान्यात आहे, आठवड्यातून एक दिवस घरी. तो म्हणाला, "पान्यात डुंबायला एवढ्या लांब कशाला? घरामागं नदी हाय की."

"तू कवा उतरला व्हय त्या नदीत?" माझ्या तोंडून गेलं. तो चहा संपवून उठला. मला बोलायला नको होतं. पण त्यामुळंच तो यायला तयार झाला, हेही खरं.

सकाळी निघालो तेव्हा तनू गाडीत रिंगसकट बसली. दार लागेना. शेवटी बदकाचं तोंड खिडकीतून बाहेर काढलं आणि दार लावलं. रस्ताभर समोरून येणारी माणसं आमच्याकडं बघून हसत होती. धुकं होतं, मग एकदम ऊन. एका वळणावर धरणाचं पाणी दिसलं आणि दोन्ही पोरं एवढ्यानं ओरडली की दत्तानं ब्रेक मारला. माझ्याही तोंडातून "अगं बाई" निघालं. पन्नास वर्षं मी ह्या पाण्याच्या खालच्या अंगाला काढली. पण मजा म्हणून त्याच्या काठाला कधी आले नव्हते. आमच्याकडं ते सोडतात तेवढंच पाणी आम्हाला माहीत. इथं ते नुसतं पडलेलं होतं, डोंगरापासून डोंगरापर्यंत, वर पांढरे ढग, आणि कुणाच्या बापाला भीत नव्हतं.

फाटकावर बाहेरचं खाणं आत नेता येत नाही म्हणाले. आम्ही परत गाडीपाशी आलो आणि सकाळी साडेनऊला भाकरी, बटाट्याची भाजी, दही, सगळं खाऊन संपवलं. बांधून आणलेलं टाकायचं कसं? आमच्यासारखी आणखी चार कुटुंबं गाड्यांच्या डिक्या उघडून तेच करत होती. एकमेकांना लोणचं दिलं. मनगटाला कागदी पट्टे बांधून आत गेलो तेव्हा पोटं एवढी भरली होती की ओम म्हणाला, "आता मी बुडणारच."

आत एक बाई प्रत्येकाचे कपडे बघत होती. मला म्हणाली, "आजी, साडीत पाण्यात उतरता येणार नाही. तिकडं भाड्यानं कॉस्च्यूम मिळतो."

"मला कुटं उतरायचंय," मी म्हणाले. "मी बसनार हाय."

आणि बसलेही. पण बसून काय नुसतं राहवतं? घसरगुंड्या म्हणाव्या तर तीन-तीन मजली, लाल पिवळे नळ एकमेकांत गुंतलेले. वरून माणूस आत जातो आणि खाली धपकन पडतो, जसं गिरणीतून पीठ. ओम सात वेळा पडला. मनीषा एकदा पडली आणि वर आली ती केस तोंडावर, हसतेय की रडतेय कळेना, म्हणते, "पुन्यांदा!" दहा वर्षं ही सून माझ्यासमोर मोठ्यानं हसली नव्हती, आणि इथं अनोळखी बायांच्या खांद्याला धरून उभी होती. कर्ण्यातून गाणी. पलीकडं धरणाच्या पाण्यावर पिवळ्या होड्या. तळलेल्या भज्यांचा आणि दवाखान्यातल्या औषधाचा असा एक मिसळलेला वास, तो वास पाण्याचाच होता म्हणे. मी खुर्चीत बसून पाय हलवत होते. गाण्याच्या तालावर, हे मला मागाहून मनीषानं सांगितलं.

दत्ता माझ्या शेजारी. पायात बूट.

मग लाटांची टाकी. पोरं तिला वेव्ह पूल म्हणतात. एका बाजूला उतार, थेट आमच्या नदीच्या घाटासारखा. पाणी पायाच्या बोटापासून सुरू होतं आणि पुढं पुढं खोल जातं. आणि शेवटाला उंच भिंत, भिंतीत जाळीची दारं. मला बघताक्षणी ओळखीचं वाटलं, पण काय ते लक्षात आलं नाही. तनू उथळात बसली, रिंग कमरेला, पाणी मांडीएवढं. हातानं पाणी उडवत होती. एवढंच करत होती, आणि आठ दिवस ज्याची वाट बघितली ते मिळाल्यावर माणसाचं तोंड जसं दिसावं तसं तिचं तोंड दिसत होतं. मनीषा ओमला शोधायला गेली. मी तनूपासून चार पावलांवर खुर्चीत.

आणि भोंगा वाजला.

लांब, एका सुरात. मी खुर्चीतून कशी उठले ते मला आठवत नाही. गुडघे दुखले नाहीत एवढं नक्की. ओचा खोवला, पाण्यात शिरले, तनूचा दंड धरला आणि वर खेचली. रिंग तिथंच राहिली. "पानी सुटलं! पोरं धरा! वर या!" मी ओरडत होते. डाव्या हाताला आणखी एक गोरंगोमटं पोर लागलं, तेही ओढलं. त्याची आई "आंटी! आंटी!" करत माझ्यामागं धावत आली. मला वाटलं, बरं झालं, ही तरी शहाणी आहे.

बाकीची माणसं उलटी पळत होती. पाण्याकडं! हात वर करून, किंचाळत. हिंजवडी-जांब्याकडच्या कंपन्यांतली ती सगळी चष्म्यातली पोरं. एकाला मी म्हणाले, "मरायला निगालास का?" तर तो म्हणतो, "हो आजी, चला ना!"

पण माझ्या हाकेनं आठ-दहा बाया पाण्यातून वर धावल्या. पोरं काखेत, कपडे निथळत. एकीनं दुसरीची चप्पल घातली होती. उतार चढून सगळ्या माझ्याजवळ आल्या, आणि आम्ही वळून बघितलं. भिंतीतल्या दारांतून लाटा येत होत्या आणि त्या लाटांवर शेदीडशे माणसं वरखाली होत होती. कुणी वाहून जात नव्हतं.

एक मिशीवाला माणूस शिट्टी वाजवत आला. "अहो मावशी, लाटा हायेत, लाटा! मशीनच्या!"

"मग भोंगा कशाला वाजीवला?"

"लाटा यायच्यात म्हनून."

"म्हंजे पळा म्हनून न्हवं?"

"या म्हनून," तो म्हणाला.

त्यावर त्या बायांतली एक मटकन खालीच बसली आणि हसायला लागली. तिचं नाव सुमन. बचत गटाच्या बाया घेऊन आली होती. "अवो, कुटल्या तुमी?"

मी गावाचं नाव सांगितलं.

"आगं आई! म्हंजे आमच्या समोरच्याच की. आमी नदीच्या पल्याडच्या. तरीच म्हनलं, भोंगा वळखनारं हितं दुसरं कोन हाय!"

"तुमी बी पळालाच की."

"पळनार न्हाई तर काय! माझी सासू मरून धा वर्सं झाली, अजून सपनात येऊन वरडती, भोंगा वाजला, शेळी सोड!"

हसलो. खूप हसलो. त्या गोऱ्या पोराच्या आईला तोवर परत आलेल्या मनीषानं सगळं समजावून सांगितलं, तीही हसली, तिनं माझा फोटो काढला. मी अजून हसत होते आणि तेवढ्यात तनूचा आवाज कानात शिरला. ती मघापासून रडत होती. आम्हाला हसण्यात ऐकू आलं नव्हतं.

दत्ता तिच्यासमोर बसला होता. तिचा खांदा चाचपत होता. "हात वर कर. आता खाली. दुकतंय?" तिनं मान हलवली. हात ठीक होता. मग त्यानं माझ्याकडं बघितलं, आवाज अजिबात न चढवता म्हणाला, "आये, माझा खांदा काढलास तेवढं पुरं झालं न्हाई व्हय?"

मी ओचा सोडला आणि पदर पिळत उभी राहिले.

तनू म्हणाली, "मला घरी जायचं. मला पाण्यात नाही जायचं. आजी ओढते." मिशीवाल्यानं रिंग आणून दिली. तिनं ती ओमच्या अंगावर फेकली. "तुला घे."

आईस्क्रीम आणलं. खाल्लं, आणि पुन्हा "घरी". मनीषानं कडेवर घेऊन पाण्याच्या दिशेनं दोन पावलं टाकली, तर पोरीनं तिचे केस धरले. दत्ता म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. जबरदस्ती करू नका. चला निगू." तो बरोबरच बोलत होता, पण त्याच्या आवाजात मला थोडं सुटल्यासारखं ऐकू आलं. त्याला सोबत मिळाली होती.

तेव्हा मला राग आला. स्वतःचा. मी काही फार विचार करणारी बाई नाही, चौथीपर्यंतची शाळा. पण एवढा हिशेब मला कळला, की आज ही अशीच घरी गेली तर ती पण दुसऱ्यांचे कपडे सांभाळत बसणार. एका हातानं एका घरातली दोन माणसं कोरडी. आणि त्या हाताच्या मनात काही वाईट नव्हतं. ते तर आणखीच वाईट, कारण चूक म्हणावी तर कुणाला म्हणायची?

मी तनूपुढं बसले. बसताना गुडघ्यातून कट्‌ असा आवाज आला. "मी पान्यात आले तर तू येशील?"

तिनं नाक पुसलं. "तू साडीत आहेस."

"तसला घालते. त्यांचा."

रडणं थांबलं. "तू? तसला?"

"व्हय."

"खरंच?"

आता मागं फिरायला जागा राहिली नाही.

भाड्याच्या खिडकीवरची बाई म्हणाली, "साईज?" मी म्हणाले, "मला काय ठाव? बघा तुमीच." तिनं जांभळा दिला. वर पोपट छापलेले, बाह्या कोपरापर्यंत, खाली गुडघ्यापर्यंत चड्डी आणि डोक्याला टोपी. पन्नास वर्षं मी सासऱ्यांसमोर, दिरांसमोर, गावासमोर डोक्यावर पदर घेऊन काढली. आतल्या खोलीत नऊवारी सोडली तेव्हा वाटलं, घराची भिंतच काढून ठेवली. मनीषा दाराशी उभी. मी म्हणाले, "हसलीस तर परत नेसीन." ती म्हणाली, "न्हाई हसत," आणि दाराला डोकं लावून हसली.

मग मला आठवलं, भातलावणीला आम्ही बायका कासोटा मांडीपर्यंत खोवून दिवस दिवस चिखलात वाकलेल्या असतो. बांधावरून अख्खा गाव जातो. तेव्हा कोण लाजतं? पोटऱ्या त्याच. फक्त पोपट नवीन होते.

बाहेर आले तर सुमनबाईनं आरोळी ठोकली. "आगं बया! बगा बगा, आमच्या समोरच्या गावची हिरॉइन!" सगळ्या बायांनी टाळ्या वाजवल्या. मी पण जरा मिरवत चालले. ओमनं तोंड झाकून घेतलं. दत्ता एकदा बघून पाण्याकडं तोंड करून उभा राहिला, पण त्याची पाठ हसत होती.

उतारावर तनूनं मला थांबवलं. "आजी, तू माझा हात धरायचा नाही."

"मग?"

"मी तुझा धरणार." आणि तिनं माझी करंगळी पकडली.

पाणी घोट्याला. मग पोटरीला. गार होतं. नायलॉन अंगाला चिकटलं आणि मला शहारा आला. तेवढ्यात भोंगा. पहिल्यांदाएवढाच लांब. माझे पाय आपोआप फिरले. खरंच फिरले, मी सांगितलं नव्हतं, टाचा वरच्या बाजूला वळल्या. आणि हात. तो तनूच्या दंडाकडं निघालाच होता. तो मी कसा आवरला ते मलाच ठाऊक. मूठ आवळली आणि मांडीवर आपटली. तनू माझ्या तोंडाकडं बघत होती. लाटेकडं नाही, माझ्याकडं. ओढते की काय, एवढंच तिला बघायचं होतं.

पहिली लाट पोटाला लागली. दुसरी छातीला, आणि मी पडले. नाकातोंडात ते औषधी पाणी, टोपी गेली, पाय वर. उठून बसते तो तिसरी आली, पुन्हा पडले. आणि कानात पाणी असूनही मला तनूचं हसणं ऐकू आलं. ती माझ्या शेजारीच बसली होती, करंगळी न सोडता, आणि खदाखदा हसत होती. "आजी पडली! आजी परत पडली!" मीही हसले, त्यात आणखी पाणी प्यायले. सुमनबाई आणि तिच्या बाया एका रांगेत हात धरून आत शिरल्या. लाट आली की सगळ्या मिळून ओरडायच्या, "शेळी सोऽऽड!" आजूबाजूच्या पोरांना काही कळलं नाही, पण तीही तसंच ओरडायला लागली. पाच मिनिटांत अख्खी टाकी शेळी सोडत होती.

चौथ्या की पाचव्या लाटेला करंगळी मोकळी झाली. तनू ओमकडं गेली होती. तिला बोलवायला माझं तोंड उघडलं होतं, ते मी मिटलं. लाट आली, तिच्यावर दोघं वर गेली, खाली आली, वर गेली. माझं काळीज पण. भीतीनं म्हणू की मजेनं, दोन्ही सारखंच उडतं. सत्तर वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी आम्ही चार वेळा भोंग्याला थांबलो. दोन भोंग्यांच्या मधला वेळ जात नव्हता. मी मिशीवाल्याला विचारलं, "किती येळ आता?" तो म्हणाला, "मावशी, मघाशी भोंगा का वाजीवला म्हनून भांडत हुता, आता का वाजवत न्हाई म्हनून भांडताय."

चौथ्याच्या आधी मी मागं बघितलं. दत्तानं बूट काढले होते. मोजे घडी करून बुटात ठेवलेले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. तो पाण्याच्या रेषेवर उभा होता. रेषा हलते तिथं. पाणी बोटांना लागायचं, परत जायचं. चाळिशी पार केलेला माणूस, दोन पोरांचा बाप, आणि पायाची बोटं आत वळवून उभा होता, चार वर्षांचा असताना वळवायचा तशी.

तनूला तो दिसला. ती पाणी उडवत, धापा टाकत उतार चढून त्याच्यापाशी गेली. हात पुढं केला नाही. नुसती समोर उभी राहिली.

"पप्पा, या ना."

"तू खेळ. मी हितं बरा हाय."

"या ना. आजी नाही ओढत आता."

दत्तानं मान वर करून माझ्याकडं बघितलं. मी त्याच्यापासून सात-आठ हातांवर होते, पोटापर्यंत पाण्यात. त्याला ये म्हणावं असं फार वाटलं. पुढं जाऊन धरून आणावा असंही वाटलं. पण मी दोन्ही हात पाठीमागं घेतले, एकात एक घट्ट धरले आणि उभी राहिले.

भोंगा वाजला. त्यानं पाण्यात पाऊल टाकलं.